पाहिली ना मॅच?

आमच्या नांदगाव खंडेश्वरात माझ्या घरी ईदचा दिवस दोन भागांत वाटलेला असतो. सकाळ नातेवाइकांची आणि संध्याकाळ दोस्तांची. संध्याकाळी शाळेपासूनचे पाच-सहा जण येतात. एकाचं कृषी केंद्र आहे, एक एस.टी.त कंडक्टर आहे, बाकीचे शेती करतात. शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या होतात, बायको दुसऱ्यांदा भरून पाठवते, आणि मग कोणीतरी तो विषय काढतोच.

गेल्या ईदीला तो टीव्हीने काढला. आयपीएल चालू होती, आवाज बंद ठेवला होता. मॅचवर गप्पा मारणाऱ्यांत मोहम्मद कैफ दिसला आणि कंडक्टर वाटी खाली ठेवून म्हणाला, "हा पाहा आपला कैफ! काय मॅच होती राजेहो ते!"

'ते मॅच' म्हणजे कोणती, हे आमच्यात सांगावं लागत नाही. 13 जुलै 2002, शनिवार. लॉर्ड्सवर भारत आणि इंग्लंड यांच्यातली नॅटवेस्ट मालिकेची फायनल. ती मॅच आमच्या पिढीने जेवढ्या वेळा पुन्हा पुन्हा सांगितली, तेवढ्या वेळा स्वतःच्या लग्नाची गोष्टही कोणी सांगितली नसेल.

प्रत्येकाची मॅच मात्र वेगळी असते. कंडक्टरच्या मॅचमध्ये कैफ शेवटच्या चेंडूवर चौका मारून जिंकवतो. एका शेतकरी दोस्ताच्या मॅचमध्ये युवराज शेवटपर्यंत खेळतो. तिसऱ्याला फक्त सौरव गांगुली आठवतो, लॉर्ड्सच्या बाल्कनीत शर्ट काढून फिरवणारा. आणि दरवर्षी त्यांच्या चुका दुरुस्त करण्याचं काम माझं. मास्तर ना मी!

तर दुरुस्त केलेली मॅच अशी. इंग्लंडने 50 षटकांत 5 बाद 325 केल्या. ट्रेस्कॉथिक 109, कर्णधार नासिर हुसेन 115. आज 325 चं कोणाला विशेष वाटत नाही, पण तेव्हा एवढ्या धावा म्हणजे मॅच संपल्यातच जमा. गांगुली आणि सेहवागने 106 धावांची सलामी दिली. मग घसरगुंडी लागली. गांगुली 60 वर गेला, सेहवाग 45 वर, पाठोपाठ मोंगिया आणि द्रविड. आणि 24 व्या षटकात ॲशली जाइल्सने सचिनला 14 वर बोल्ड केलं. 5 बाद 146. अजून 180 धावा हव्या होत्या, षटकं उरली होती 26, आणि खेळपट्टीवर होते विशीतले दोन पोट्टे. युवराज सिंग 20 वर्षांचा, कैफ 21 चा.

त्या दोघांनी 121 धावा जोडल्या. युवराज 69 करून गेला तेव्हा स्कोअर 267 होता. हरभजनने कैफला साथ दिली, पण 314 वर एकाच षटकात फ्लिंटॉफने आधी हरभजनला आणि मग कुंबळेला बाद केलं. 12 धावा हव्या, दोन विकेट शिल्लक, आणि मैदानात आला झहीर खान. शेवटच्या षटकात दोन धावा हव्या होत्या. फ्लिंटॉफचे पहिले दोन चेंडू कोरे गेले. तिसरा झहीरने ढकलला आणि दोघे धावले. इंग्लंडच्या माणसाने घाईत थ्रो केला, तो कोणाच्या हाती लागला नाही आणि दुसरी धावही झाली. तीन चेंडू आणि दोन विकेट राखून भारत जिंकला. कैफ 75 चेंडूंत नाबाद 87. पण शेवटचा फटका कैफचा नव्हता, झहीरचा होता. गांगुलीच्या शर्टाचीही मागची गोष्ट आहे. त्याच वर्षी 3 फेब्रुवारीला मुंबईत वानखेडेवर इंग्लंड पाच धावांनी जिंकला, तेव्हा फ्लिंटॉफने शर्ट काढला होता. हे त्याचं उत्तर होतं.

हे सगळं मी दरवर्षी असंच, धावसंख्येसकट सांगतो. या वेळी कृषी केंद्रवाला शांतपणे ऐकत होता. तो म्हणाला, "मास्तर, आमी डोयानं पाह्यली ते मॅच. आमाले एकबी आकडा आठवत नाही. तुले एवढे पाठ कसे?"

सगळे हसले. मलाही हसायला हवं होतं. पण मला माहीत होतं की त्याने नेम धरून दगड मारला आहे.

कारण ती मॅच मी शेवटपर्यंत पाहिलेली नाही.

थोडं मागे जातो. 2002 मध्ये मी 21 वर्षांचा होतो. कैफच्याच वयाचा. बी.ए. झालं होतं, अमरावतीला बी.एड.ला प्रवेश मिळावा म्हणून खटपट चालू होती. तो जुलै ज्यांनी शेतीत काढला त्यांना आठवत असेल. सगळ्या देशात पावसाने दगा दिला होता. आमच्याकडे पेरलेलं कपाशीचं बियाणं जमिनीतच भाजून निघालं. दुबार पेरणीला पैसे कुठून आणायचे, हीच चर्चा एस.टी. स्टँडपासून मशिदीपर्यंत. पोरांना शेतात काम नव्हतं, म्हणून शनिवारी दुपारपासून मॅचला बसायला सगळे मोकळे.

आणखी एक गोष्ट त्या वर्षात होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुजरातेत जे झालं, त्याच्या बातम्या घराघरात वाचल्या गेल्या होत्या. आमच्या गावात काही झालं नाही, सगळं नेहमीसारखंच चाललं. पण अब्बा मला घरातून निघताना रोज एक वाक्य सांगू लागले होते, "बेटा, बहस में मत पड़ना." आधी ते असं कधी म्हणत नसत.

कृषी केंद्रवाल्या दोस्ताच्या घरी तेव्हा रंगीत टीव्ही होता आणि केबल होतं. पंधरा-वीस जण दाटीवाटीने बसलो होतो. त्या खोलीत मुसलमान मी एकटा. हे मी मोजलं नव्हतं, पण मला माहीत होतं. ज्यांना अशा खोलीत एकट्याने बसायची वेळ आली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. इतर वेळी हे लक्षातही येत नाही. मॅच चालू झाली की येतं.

सचिन बोल्ड झाला तेव्हा खोलीत सुतक पडल्यासारखं झालं. दोघं-तिघं तर उठूनच गेले. पुढे कैफने स्वतःच सांगितलंय की त्याच्या इलाहाबादच्या घरचेही मॅच गेली असं समजून थेटरात 'देवदास' पाहायला निघून गेले होते. तो सिनेमा आदल्याच दिवशी लागला होता. म्हणजे सख्खा बाप ज्या मॅचमधून उठून गेला, तिच्यातून नांदगावची पोरं उठली तर त्यात काय!

पण मी त्या कारणाने उठलो नाही.

टीव्हीवर कैफ पायऱ्या उतरत होता आणि माझ्या मनात सरळ एक हिशेब आला. आता ही मॅच हरणार. हा पोरगा पाच-दहा धावा करून बाद होणार. आणि मग या खोलीत कोणीतरी काहीतरी बोलणार. मुद्दाम नाही, रागात. मग सगळे एक क्षण माझ्याकडे पाहतील आणि नजर फिरवतील. तो क्षण मला नको होता. सचिनही 14 वरच गेला होता, द्रविड तर पाचवर. त्यांच्याबद्दल लोक म्हणतील की आज चाललाच नाही. कैफबद्दल तेवढंच म्हणून थांबतील का, याची मला खात्री नव्हती.

इशाची अजान होऊन गेली होती. ते निमित्त पुरेसं होतं. "नमाज पढून येतो," म्हणालो आणि बाहेर पडलो. परत गेलो नाही.

नमाज झाल्यावर बराच वेळ मशिदीतच बसून राहिलो. खरं सांगायचं तर दुआ मागितली. भारत जिंकावा म्हणून मागितली नाही. मागितलं एवढंच, की कैफने थोड्या धावा कराव्यात, निदान चाळीस. हरलो तरी चालेल, पण त्याच्यामुळे हरलो असं कोणी म्हणू नये. आज ही दुआ आठवली की स्वतःचीच कीव येते. 21 वर्षांच्या पोराने मागायची ही दुआ आहे का?

घरी येऊन अंगणात खाटेवर पडलो. पाऊस नव्हता म्हणून जुलैतही खाट बाहेर. अम्मीने विचारलं, "हारे क्या?" मी म्हणालो, "हां." अकराच्या सुमारास गावात एकदम आरडाओरडा झाला. मग फटाके. मी उठून बसलो, पण रस्त्यावर गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

सकाळी रविवारचा पेपर आला तो मी तीन वेळा वाचला. धावफलक तर पाठच केला. मग एस.टी. स्टँडवर चहाच्या टपरीवर गेलो, तर सगळी गॅंग जमलेली. एकाने माझ्या पाठीवर जोरात थाप मारली, "तुमच्या दोघायनं जिंकून देल्ली राजेहो! पाह्यली ना मॅच?"

मी म्हणालो, "पाहिली ना. घरी पाहिली."

घरी आमच्याकडे टीव्हीच नव्हता. पण त्या आनंदात कोणाच्या लक्षात आलं नाही.

'तुमच्या दोघायनं.' हा शब्द मी खूप दिवस चघळला. तो प्रेमाने बोलला होता, यात शंका नाही. पण कैफ इलाहाबादचा, मी नांदगावचा. आमचं नातं काय? नावाचं. आणि हरलो असतो तरी 'तुमचा'च शब्द आला असता. मग मी पेपरातल्या दुसऱ्या नावाकडे वळलो. झहीर खान. हा तर खरंच माझा होता, आणि टपरीवरच्या सगळ्यांचाही.

झहीर श्रीरामपूरचा. उसाच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. शिकला कुठे, तर श्रीरामपूरच्या हिंद सेवा मंडळाच्या न्यू मराठी प्राथमिक शाळेत, आणि पुढे तिथल्याच सोमैया हायस्कुलात. इंजिनिअरिंग करायचं की क्रिकेट खेळायचं, असा प्रश्न आला तेव्हा वडिलांनी सांगितलं की इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू बोलिंग टाक. मग मुंबई, चेन्नईची एमआरएफ अकादमी, बडोद्याकडून रणजी आणि 2000 मध्ये भारतीय संघ. लॉर्ड्सच्या त्या फायनलमध्ये त्याने आधी इंग्लंडच्या तीन विकेट काढल्या होत्या आणि शेवटी बॅट घेऊन तोच उभा होता. श्रीरामपूरच्या मराठी शाळेतलं पोरगं. हा 'तुमचा' की 'आमचा'?

मी उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी शिकवतो. दरवर्षी जूनमध्ये कोणीतरी विचारतंच, "सर, मराठी क्यूं पढ़ना?" मी झहीरची गोष्ट सांगतो. मॅच सांगतो, शेवटचं षटक सांगतो, मग ती प्राथमिक शाळा सांगतो. पोरं डोळे मोठे करून ऐकतात. कोणीतरी विचारतं, "सर, आपने देखा था?" आणि मी इतकी वर्षं सांगत आलो, "हो, पूर्ण पाहिली." वर्गात खोटं बोलू नका म्हणून शिकवणारा मास्तर, आणि माझं सगळ्यात जुनं खोटं वर्गातच मुरलं.

2021 च्या ऑक्टोबरात दुबईला पाकिस्तानने आपल्याला दहा गडी राखून हरवलं. अकरा जण हरले, पण रात्रीतून शिव्या पडल्या त्या मोहम्मद शमीला, आणि त्याच्या धर्मावरून. काही दिवसांनी विराट कोहली पत्रकारांसमोर शमीच्या बाजूने ठाम उभा राहिला, हे त्याचं मोठेपण. पण त्या आठवड्यात माझा एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, मैं मॅच दोस्तों के साथ नहीं देखता, घर पे देखता." मी त्याला काही बोललो नाही. काय बोलणार होतो? मी तर घरीसुद्धा पाहिली नव्हती. दोन वर्षांनी वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये वानखेडेवर शमीने सात विकेट काढल्या तेव्हा सगळा देश नाचला. तो पोरगा कुठे बसून पाहत होता, कुणास ठाऊक.

तर गेल्या ईदीला कृषी केंद्रवाल्याने आकड्यांवरून विचारलं आणि मी पहिल्यांदा सांगून टाकलं. "मी नव्हतो भाऊ. नमाजच्या नावानं गेलो ते आलोच नाही. कैफ बाद झाला तर कोणी काही बोललं असतं, म्हणून गेलो."

खोलीत कोणी हसलं नाही. टीव्हीवर मुकी आयपीएल चालू होती.

"मले माहीत हाय तू नव्हता," तो म्हणाला. "तुह्या जागेवर मीच पाय पसरले होते. पण मी समजत होतो तुले आयकू आलं म्हणून तू गेला."

"काय ऐकू आलं?"

तो जरा थांबला. "तू बाहेर चप्पल घालून रायला होता. तवा एक जण बोलला, हा कायले जिंकून देते आपल्याले, म्हणे. दोन-तीन जण हासले."

मी म्हणालो, "मी नाही ऐकलं."

"मी आयकलं. मी हासलो नाही. पण बोललोबी नाही. घर माह्यं होतं, टीव्ही माह्या होता. बोलाले पाह्यजे होतं मले." मग त्याने वाटीतला चमचा उगाच फिरवला. "तेवीस वर्षं झाले, तू ईदीले ते मॅच सांगतं, अन् मले वाटते तू आता ते गोष्ट काढशील. तू आकडेच सांगत रायतं."

कंडक्टरने विचारलं, "कोण बोल्ला होता बे?"

"आता नाव घेऊन काय करतं? जिंकल्यावर तोच सगळ्यात जास्त नाचला. फटाके त्यानंच आणले होते."

मला राग आला नाही, हे लिहून ठेवतो. आश्चर्यही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की माझा अंदाज एका मिनिटाने चुकला होता. मी घाबरलो ते खोटं नव्हतं आणि मी थांबलो असतो तर ते वाक्य माझ्या कानावर पडलं असतं, हेही खरं. पण थांबलो असतो तर पुढचे दोन तासही मिळाले असते. ज्याने ते वाक्य टाकलं, त्यालाच खुर्चीवर उभं राहून कैफ-कैफ ओरडताना पाहिलं असतं. मी गेलो म्हणून ती वाईट गोष्ट चुकली, आणि तिच्यासोबत चांगली गोष्टही. आणि माझा दोस्त तेवीस वर्षं एका अशा गोष्टीची लाज बाळगत आला, जी मला माहीतच नव्हती. दोघेही एकच मॅच सांगत होतो, आणि दोघेही तिच्यातला आपापला तुकडा लपवून.

आमच्या पिढीला त्या मॅचच्या आठवणी काढायला आवडतात, कारण ती हरता हरता जिंकली. हरलेली मॅच कोणी ईदीला काढत नाही. पण जिंकण्याच्या आवाजात त्या 146 वरच्या मिनिटाला कोण काय बोललं, कोण गप्प राहिलं आणि कोण उठून गेलं, हे सगळं बुडून गेलं. मला वाटतं, तेही सांगायला हवं. मॅच कमी होत नाही त्याने. झहीरची धाव तेवढीच राहते.

कंडक्टर मग म्हणाला, "लाव बे मोबाइलवर." कोणीतरी हायलाइट्स काढल्या. मी त्या एकट्याने कितीदा तरी पाहिल्या आहेत, पण या लोकांसोबत कधीच नाही. सचिन बोल्ड झाला तिथून सुरू केल्या. कैफ पायऱ्या उतरून येत होता. कृषी केंद्रवाला सोफ्यावर सरकला आणि मला जागा करून दिली. शेवटच्या षटकात झहीरने चेंडू ढकलला, थ्रो चुकला, दोघे दुसऱ्या धावेसाठी पळाले, आणि कंडक्टर ओरडला, "अबे, झहीर होता हा!"

"मी तेवीस वर्षांपासून तेच सांगून राहिलो," मी म्हणालो.

या जूनमध्ये वर्गात पुन्हा तोच प्रश्न आला. "सर, आपने देखा था?" मी म्हणालो, "नहीं बेटा. मी उठून गेलो होतो." एकाने विचारलं, "क्यूं सर?" तास संपायला वीस मिनिटं होती. मी पुस्तक मिटलं आणि त्यांना सांगायला बसलो.